बर्फाचे तीन खडे गोव्यातल्या ऑर्किडला पुरत नाहीत, आणि पावसाळ्यात जास्त होतात

"ऑर्किड कधीच मरणार नाही, फक्त हे सहा नियम पाळा" असा एक मेसेज सध्या मोबाईलवर फिरतोय. आठवड्यातून एकदा बर्फाचे तीन खडे घाला. कुंडीबाहेर आलेली मुळं कापा, ती झाडाची ताकद खातात. पानं सुरकुतली की पाणी वाढवा. सकाळ-संध्याकाळ फवारा मारा. मुळांना दालचिनीची पूड आणि तांदूळ धुतलेलं पाणी द्या. आणि विकतचं नाजूक वाटत असेल तर रानातलं आणा, त्याला पाणी लागतच नाही.

फॅलेनॉप्सिस जातीचं फुललेलं ऑर्किड आता वाढदिवसाला, गृहप्रवेशाला भेट म्हणून घरोघरी येतं, त्यामुळे हा मेसेज वाचणारेही खूप आहेत. गोव्यात तो जसाच्या तसा पाळला तर चवथीपर्यंत झाड हातचं जाईल. म्हणून एकेक मुद्दा घेते.

बर्फाबद्दल आधी एक कबूल करायला हवं. बर्फाने मुळं गोठून मरतात असं म्हणणारेही बरोबर नाहीत. २०१७ साली ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या दोन अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी सालीच्या तुकड्यांत लावलेल्या फॅलेनॉप्सिसवर हे तपासलं. एका गटाला बर्फ दिला, दुसऱ्याला तेवढंच साधं पाणी. फुलं टिकण्याच्या काळात फरक पडला नाही. म्हणजे बर्फाने नुकसान झालं नाही, पण बर्फात खास गुणही निघाला नाही. पाणी मोजून देण्याची ती एक सोय होती, इतकंच.

ते ठरीव माप गोव्यात कसं चालेल? जुलैत इथली हवाच ओली असते, भिंतींना बुरशी येते, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्यात नर्सरीतून आलेल्या फॅलेनॉप्सिसच्या मुळांभोवती बहुतेकदा स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं शेवाळ, घट्ट कोंबलेलं असतं. ते मॉस पावसाळ्यात आठवडा उलटला तरी आत ओलंच राहतं. त्यावर पुन्हा तीन खडे म्हणजे मुळं कुजवण्याची सोय. उलट फेब्रुवारी-मार्चमध्ये सालीत किंवा कोळशात लावलेलं तेच झाड तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोरडं पडतं. बर्फ वितळतो तिथेच थोडी साल भिजते, बाकीची मुळं तशीच राहतात, आणि खताचे क्षार धुऊन न जाता कुंडीच्या काठावर पांढरे साचतात. शिवाय मेसेज सरसकट "ऑर्किड" म्हणतो. लाकडी टोपलीत उघड्या मुळांनी लटकणाऱ्या वांडा या ऑर्किडला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. त्याला आठवड्यातून एकदा बर्फ म्हणजे उपासमार.

मग पाणी कधी द्यायचं, हे मुळं सांगतात. आणि मेसेज नेमकी तीच कापायला सांगतो!

फॅलेनॉप्सिस, वांडा, डेन्ड्रोबियम ही ऑर्किडं मुळात झाडांच्या सालीवर राहणारी. त्यांच्या मुळांभोवती व्हेलामेन नावाचं मृत पेशींचं आवरण असतं. पाऊस लागला की ते स्पंजासारखं पाणी शोषतं, आणि मग आतलं मूळ ते सावकाश घेत राहतं. कोरडं असताना त्या पेशींत हवा असते म्हणून मूळ रुपेरी दिसतं. भिजलं की आवरण पारदर्शक होतं आणि आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. म्हणजे बाहेर आलेलं मूळ झाडाची ताकद खात नाही, उलट पानांसारखंच थोडं अन्नही तयार करतं. त्याचं हिरवं किंवा तांबूस टोक वाढतं टोक असतं. ते कापलंत तर त्या मुळाची तिथली वाढ संपली. कुंडी बदलताना ही मुळं जबरदस्तीने आत खुपसूही नका. हवेत वाढलेलं मूळ ओल्या मॉसमध्ये कोंडलं तर बऱ्याचदा कुजतं.

पारदर्शक प्लास्टिकची कुंडी म्हणूनच सोयीची. आतली मुळं रुपेरी दिसली आणि कुंडी हाताला हलकी लागली की पाणी द्यायचं, हिरवी असतील तर थांबायचं. द्यायचं तेव्हा सकाळी, भोकांतून वाहून जाईपर्यंत भरपूर, आणि मग पूर्ण निथळू द्यायचं. खाली बशीत पाणी ठेवायचं नाही. किनाऱ्याजवळ, खाजनांच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या सखल शेतांच्या) बाजूला ज्यांच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात त्यांनी पागोळीचं पाणी साठवून वापरावं.

मला सर्वांत घातक वाटतो तो तिसरा नियम. "ताई, पानं सुरकुतली, पाणी वाढवू का?" हा प्रश्न मला सतत येतो. तहानलेल्या झाडाची पानं सुरकुततात हे खरं. पण मुळं कुजली की ती पाणी ओढूच शकत नाहीत आणि पानं अगदी तशीच सुरकुततात. वरून दोन्ही आजार सारखे, उपचार मात्र उलटे. म्हणून आधी झाड कुंडीतून काढा. मूळ चिमटीत दाबून पाहा: निरोगी मूळ टणक लागतं, कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत, साल निघून आत नुसता दोरा उरलेलं. तेवढीच मुळं निर्जंतुक कात्रीने कापायची. मग कोळसा, कौलांचे तुकडे, सोडणाचे (नारळाच्या बाहेरच्या काथ्याळ सालीचे) मोठे तुकडे किंवा विकतची साल यांत नव्याने लावायचं. सोडण आपल्याकडे फुकट मिळतं, पण ते पाणी बराच वेळ धरतं आणि त्यात क्षारही असतात. ते काही दिवस पाणी बदलत भिजवून घ्या, आणि पावसाळ्यात त्याचं प्रमाण कमी ठेवा. फुलं गळून गेल्यावर लगेच नर्सरीतलं मॉस काढणं हे जूनपूर्वीचं माझ्या मते पहिलं काम.

फवाऱ्याचं थोडक्यात. फॅलेनॉप्सिसच्या जाड पानांतून झाड फारसं पाणी घेत नाही. संध्याकाळचं पाणी मात्र मधल्या खोबणीत रात्रभर साचतं आणि गाभाच कुजतो. एकाच शेंड्याने वाढणाऱ्या झाडाचा गाभा गेला की ते वाचणं कठीण. पावसाळ्यात फवारा नकोच. कुंड्या पागोळीखालून आत, वारा खेळेल अशा जागी घ्या.

दालचिनी ओल शोषते. कापलेल्या पानाच्या जखमेवर चिमूटभर चालेल, जिवंत मुळांवर ती चोळली तर मुळंच सुकतात. तांदळाच्या पाण्यातला स्टार्च सालीत आंबतो, मुंग्या आणि चिलटं येतात. तो नियम सरळ सोडून द्या.

रानातलं आणण्याबद्दल मात्र कळवळून सांगते, नका आणू. एप्रिल-मेपासून फुलणारी सीतेची वेणी, आमरी, सह्याद्रीतली डेन्ड्रोबियमं ही रानटी ऑर्किडं झाडांच्या सालीला मुळांनी घट्ट चिकटलेली असतात. ओढून काढताना तीच मुळं तुटतात, आणि मुळांशिवाय घरी आलेलं झाड बहुधा पुढच्या पावसापर्यंत टिकत नाही. त्यांना पाणी लागत नाही हेही खोटं. डोंगरातलं धुकं आणि पाऊस ती मुळं पीत असतात. खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई, मोले ही अभयारण्यं आहेत, तिथून झाड काढणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. पावसात अंगणातलं किंवा कुळागरातलं (पोफळी-नारळाच्या बागेतलं) झाड कोसळलं आणि फांदीवर ऑर्किड असेल तर ते वाचवा जरूर. पण मुळं सोडवत बसू नका. फांदीचा तेवढा तुकडा सालीसकट कापा आणि आंब्याच्या किंवा फणसाच्या खोडाला, सकाळचं कोवळं ऊन लागेल अशा बाजूला, काथ्याने बांधा. नवी मुळं खोडाला धरली की काथ्या कापून टाका.