मुंबईला ‘सीईओ’ हवा म्हणणाऱ्यांसाठी, न्यूयॉर्कहून

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी पार्ल्याच्या माझ्या आत्येभावाने दर फोनवर एकच मुद्दा लावून धरला होता. “नगरसेवक हवेतच कशाला? एखादा सचोटीचा उद्योगपती बसवा आणि कंपनीसारखी चालवू दे मुंबई. तुमच्याकडे नाही का ब्लूमबर्ग होता?” दादा एकटाच असं म्हणतो असं नाही. रस्त्यातले खड्डे, तुंबलेली गटारं आणि टेंडरांच्या बातम्या यांना कंटाळलेला आपला सगळा सुशिक्षित मध्यमवर्ग हेच बोलतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने सहसचिव, संचालक वगैरे ४५ जागांसाठी बाहेरच्या तज्ज्ञांची जाहिरात काढली आणि आरक्षणाच्या वादात काही दिवसांतच मागे घेतली, तेव्हाही हीच हळहळ ऐकू आली होती.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहते. मायकल ब्लूमबर्ग २००२ ते २०१३ अशी बारा वर्षं या शहराचे महापौर होते आणि त्यांच्या कामाचा फायदा मला रोज होतो. म्हणूनच त्यांचं उदाहरण अर्धंच सांगितलं जातं तेव्हा मला राहवत नाही.

ब्लूमबर्ग यांचे वडील दूध डेअरीत हिशेबनीस, घर बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावात. आधी इंजिनीअरिंग, मग हार्वर्डमधून व्यवस्थापन, मग सॉलोमन ब्रदर्स या वॉल स्ट्रीटवरच्या पेढीत नोकरी आणि पुढे भागीदारी. १९८१ मध्ये पेढी विकली गेली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. हाती आलेल्या एक कोटी डॉलरमधून त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यापाऱ्यांना ताजी माहिती पुरवणाऱ्या टर्मिनलचा धंदा उभा केला. तो किती वाढला हे जगाला माहीत आहे.

दादाच्या बोलण्यात जे येत नाही ते यापुढचं. ब्लूमबर्ग निवडणूक लढवून आले. आयुष्यभर डेमोक्रॅट असलेला हा माणूस रिपब्लिकन झाला. पक्षांतर्गत निवडणुकीचा दिवस होता ११ सप्टेंबर २००१. हल्ला झाला, मतदान पुढे ढकललं गेलं आणि नोव्हेंबरमध्ये थोडक्या फरकाने ते जिंकले. पदरचे सात कोटी डॉलरहून अधिक ओतले होते. (उमेदवाराच्या खिशात एवढा पैसा असणं मला तेव्हाही खुपलं होतं, आजही खुपतं.) पगार मात्र वर्षाला एक डॉलर घेतला.

तिजोरीत सुमारे पाच अब्ज डॉलरची तूट होती. कंपनीचा मालक अशा वेळी माणसं कमी करतो. ब्लूमबर्ग यांनी खर्चकपात केली, पण त्याबरोबर मालमत्ता कर १८.५ टक्क्यांनी वाढवला आणि ती वाढ सिटी कौन्सिलकडून, म्हणजे शहराच्या निवडून आलेल्या सभागृहाकडून, मंजूर करून घेतली. घरमालक चिडले, लोकप्रियता घसरली, पण शहर तगलं. बार आणि रेस्टॉरंटमधल्या धूम्रपानबंदीचंही तसंच. कौन्सिलमध्ये कायदा झाला आणि मार्च २००३ पासून बंदी लागू झाली. सिटी हॉलमधली बंद केबिन सोडून ते मोठ्या उघड्या दालनात सहकाऱ्यांच्या मध्ये बसायचे. ही सवय थेट त्यांच्या कंपनीतली.

त्यांच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटते ती २००३ मध्ये सुरू झालेली ३११ ही फोनसेवा. आमच्या इमारतीतलं हीटिंग भर थंडीत बंद पडलं आणि मालक फोन उचलेना. मी ३११ लावला. तक्रार क्रमांक मिळाला, मग निरीक्षक आला. मुंबईतही महापालिकेचा १९१६ हा मदत क्रमांक आहे आणि तिथली माणसं पावसाळ्यात जिवाचं रान करतात, हे मी जाणते. फरक फोनपलीकडे आहे. कोणत्या भागातून कसल्या तक्रारी आल्या याचा हिशेब कौन्सिलला देत राहण्याचा कायदा इथे २००५ मध्ये झाला. सोय उद्योजकाने आणली, ती उघडी ठेवायला निवडून आलेल्या ५१ जणांनी भाग पाडलं.

आता उरलेला अर्धा भाग. कर्मचाऱ्यांच्या हजेरी-पगारासाठी ‘सिटीटाइम’ नावाची संगणकप्रणाली करायचं कंत्राट मुळात सहा-सात कोटी डॉलरचं होतं. ते फुगून सत्तर कोटींच्या आसपास गेलं. कंत्राटातल्या लोकांवर खटले झाले, मुख्य कंपनीला पन्नास कोटी डॉलर भरावे लागले. माहितीच्या यंत्रणा विकून अब्जाधीश झालेल्या माणसाच्या नाकाखाली हे घडलं. शाळांच्या प्रमुखपदी त्यांनी मासिकांच्या धंद्यातल्या नावाजलेल्या कॅथी ब्लॅक यांना नेमलं. शिक्षणक्षेत्राचा अनुभव शून्य. जानेवारी २०११ मध्ये त्या रुजू झाल्या आणि एप्रिलमध्ये त्यांना जावं लागलं.

याहून फार गंभीर गोष्ट पोलिसांची. रस्त्यात कुणालाही अडवून झडती घेण्याचे प्रकार त्यांच्या काळात वाढत गेले आणि २०११ या एका वर्षात ६,८५,००० च्या वर पोहोचले. अडवलेल्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण होते. दहातल्या जवळजवळ नऊ जणांना ना अटक झाली ना दंड. सबवे स्टेशनबाहेर भिंतीकडे तोंड करून उभी केलेली पोरं मी पाहिली आहेत. महापौरांचं उत्तर आकड्यांचं होतं: खून कमी होत आहेत, म्हणजे पद्धत चालते आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये फेडरल न्यायालयाने ही पद्धत ज्या रीतीने राबवली जात होती ती घटनाबाह्य ठरवली. झडत्या लाखांनी घटल्या आणि पुढच्या काही वर्षांत खून तरीही फारसे वाढले नाहीत. ब्लूमबर्ग यांनी माफी मागितली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरण्याच्या तोंडावर. त्या पोरांच्या दृष्टीने फार उशिरा.

आणि तिसरी कारकीर्द. महापौराला दोनच मुदती, असं न्यूयॉर्ककरांनी १९९३ आणि १९९६ अशा दोन सार्वमतांत सांगितलं होतं. २००८ मध्ये ब्लूमबर्ग यांनी आर्थिक संकटाचं कारण पुढे करून कौन्सिलकडून ती मर्यादा तीनवर नेली, २९ विरुद्ध २२ मतांनी. ते खासगीत ज्या संस्थांना देणग्या देत, त्यांतल्या काहींना मुदतवाढीच्या बाजूने बोलायला सांगितलं गेल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या होत्या. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत वाईट निर्णय वाटतो. शहराला आपल्यावाचून पर्याय नाही, हा मालकाचा विचार झाला, लोकसेवकाचा नव्हे.

पण त्यांना अडवणारे होते. मॅनहॅटनमधल्या स्टेडियमचा हट्ट २००५ मध्ये आणि गर्दीच्या भागात येणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्काची योजना २००८ मध्ये आल्बनी या राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाच्या नेत्यांमुळे अडली. शुल्काची योजना चांगली होती, ती शेवटी जानेवारी २०२५ मध्ये आली. लोकशाहीत असा उशीर होतो आणि मी त्याची किंमत मान्य करते. गोड पेयांच्या मोठ्या ग्लासांवरची बंदी न्यायालयाने रद्द केली. २००९ मध्ये दहा कोटी डॉलरहून जास्त खर्चूनही मतदारांनी त्यांना पाच टक्क्यांहून कमी फरकाने निसटतं जिंकू दिलं आणि पुढच्याच वर्षी सार्वमताने दोन मुदतींची मर्यादा परत आणली.

हे सगळं समोर ठेवून मुंबईकडे पाहा. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. तिथून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिका प्रशासकाच्या हाती होती. दादाला हवं ते जवळजवळ सगळं त्या काळात होतं: कार्यक्षम अधिकारी, एकहाती निर्णय, सभागृहातला गोंधळ नाही, स्थायी समिती नाही. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाच्या मताशिवाय मंजूर झाला. सुमारे सहा हजार कोटींची काँक्रीट रस्त्यांची कामं तशीच दिली गेली. खोदलेल्या रस्त्याबद्दल प्रभागातल्या माणसाने जाब विचारायचा कुणाला? आयुक्तांना नेमतं राज्य सरकार, मुंबईकर नाहीत. स्थायी समितीतले नगरसेवक टक्केवारी खात, हे दादाचं म्हणणं मी खोडत नाही. पण त्यांना आपण घरी तरी बसवू शकत होतो.

आपल्याकडचं नंदन निलेकणींचं उदाहरणही दादा देतो. इन्फोसिस सोडून ते २००९ मध्ये आधारच्या कामाला लागले. पहिलं आधार नंदुरबारच्या टेंभली गावात २०१० मध्ये दिलं गेलं. काम अफाट होतं, पण त्याला संसदेचा कायदा मिळाला तो २०१६ मध्ये आणि आधार कुठे मागता येईल, कुठे नाही याच्या मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घातल्या. हा क्रम उलटा हवा होता. निलेकणी २०१४ मध्ये दक्षिण बेंगळुरूतून लोकसभेला उभे राहिले, हरले. उन्हात दारोदार फिरून मत मागायची तयारी त्यांनी दाखवली याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे.

उद्योगातली माणसं सार्वजनिक कामात यावीत असं मलाही वाटतं. पण मुंबईतला असा कुणी उद्या महापौर झाला, तरी तो करणार काय? कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, महापौरपद अडीच वर्षांचं आणि बव्हंशी मानाचं. १९९८ मध्ये मुंबई-नागपुरात महापौर परिषदेचा, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि निवडक नगरसेवकांकडे देण्याचा, प्रयोग झाला, तो लगेच गुंडाळला गेला. महाराष्ट्रातल्या लहान गावांचे नगराध्यक्ष आज लोक थेट निवडतात, मुंबईचा महापौर मात्र नाही. तेव्हा दादा, उद्योगपती शोधण्याआधी ही मागणी कर: थेट निवडलेला, पूर्ण पाच वर्षांचा महापौर, त्याच्या हाताखाली आयुक्त, आणि दर खर्चावर त्याला अडवू शकणारं २२७ जणांचं सभागृह.