म्हणे, मध्ये कुणीच पडत नाही!

"रस्त्यात बाईला कुणी त्रास दिला तर मदतीला कुणीही येत नाही, हे मानसशास्त्राने सिद्ध केलं आहे." या वाक्याने सुरू होणारा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझ्या भाचीला तो तिच्या आत्याने पाठवला, अर्थात काळजीपोटीच. "मावशी, हे खरंय का गं?" असं तिने मला विचारलं, म्हणून हा खटाटोप.

पुरावा म्हणून त्यात 1964 सालचा किटी जिनोव्हीजचा खून दिलाय. न्यूयॉर्कमध्ये 38 जण खिडक्यांतून शांतपणे बघत राहिले, ही ती कथा. ती छापणाऱ्या न्यूयॉर्क टाइम्सनेच पुढे, 2016 मध्ये, मूळ बातमी सदोष होती असं लिहिलं. एक शेजारी खिडकीतून ओरडला तेव्हा मारेकरी पळाला होता. तो परत आला आणि दुसरा हल्ला झाला तो इमारतीच्या आत, बहुतेकांच्या नजरेआड. सोफिया फरार ही शेजारीण खाली धावली आणि किटी तिच्या कुशीत होती. मेसेजमध्ये सोफियाचं नावही नाही.

"गर्दी जितकी जास्त, तितकी मदत कमी." यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या 1968 च्या प्रयोगात लोकांना कुणाला तरी झटका आल्याचा आवाज ऐकवला. तो आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटल्यावर 31 टक्के. पण ही मंडळी वेगवेगळ्या खोल्यांत बसली होती, एकमेकांना दिसत नव्हती. रस्त्यावर तसं नसतं. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या सीसीटीव्हीत टिपलेली 219 भांडणं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासली गेली. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं, आणि माणसं जास्त तशी ही शक्यता वाढली होती. ती उघड भांडणं होती. गर्दीत गुपचूप केलेला घाणेरडा स्पर्श असा कॅमेऱ्यात सापडत नाही, हेही खरं.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती: "नवरा-बायको असतील, आपण पडू नये." ही ओळ शहाणपणाचा सल्ला म्हणून दिलीय! शॉटलंड आणि स्ट्रॉ यांनी 1976 मध्ये नेमकं हेच तपासलं. एक पुरुष एका बाईवर हल्ला करतोय, दोघेही नट. कधी ती ओरडते, "मी तुला ओळखत नाही!" कधी, "तुझ्याशी लग्न कशाला केलं!" झटापट तीच, बाई तीच. पहिल्या वेळी 65 टक्के बघे मध्ये पडले, दुसऱ्या वेळी 19 टक्के. म्हणजे माणसं निर्दय नसतात. "घरचं प्रकरण" एवढी पळवाट मिळाली की मागे सरकतात. छेडणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं. "आमचं आपसातलं आहे, तुम्ही जा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि हा मेसेज तीच पळवाट वाचणाऱ्याच्या हातात देतो. समजा खरंच नवरा असला, तर मारायची मुभा असते का? शंका असेल तर सरळ तिलाच विचारा, "ताई, हे तुमच्या ओळखीचे आहेत का? मदत हवीय का?" चूक निघालीच तर थोडं ओशाळायला होईल, एवढंच.

"मध्ये पडाल तर चाकू खाल." धोका असतो, नाही म्हणत नाही. पण मध्ये पडणं म्हणजे हाणामारीच असं कुणी सांगितलं? तिच्याशेजारी जाऊन उभं राहता येतं, तिला उगाच पत्ता विचारता येतो, शेजारच्याला "तुम्ही पोलिसांना फोन लावा" असं नेमकं सांगता येतं.

"ती ओरडली नाही, म्हणजे तिला चालत असेल." भीतीने माणूस थिजतो. यावर अधिक शाई खर्च करत नाही.

शेवटी व्हिडिओ. "निदान शूटिंग करून व्हायरल करा" म्हणे. आधी बघा, तिच्याजवळ कुणी गेलंय का. नसेल तर फोन खिशात घाला आणि तुम्ही जा. कुणी गेलं असेल तर खुशाल शूट करा आणि तो व्हिडिओ तिला द्या. पोलिसांना द्यायचा, कुणाला दाखवायचा की पुसून टाकायचा, ते ती ठरवेल.