‘स्पेनची होळी’ आणि आगीपेक्षा फुफाटा

जून लागला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: ‘स्पेनमध्येही आपल्यासारखीच होळी असते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, २१ जूनला, देशभर होलिकेसारखे पुतळे जाळतात. लोक भडकत्या ज्वाळांवरून सात उड्या मारतात. निखाऱ्यांवरून अनवाणी चालतात आणि श्रद्धेमुळे कोणाचेही पाय भाजत नाहीत. त्या रात्रीचं वनस्पतींचं पाणी प्यायलं की रोग पळतात. गोव्याचा सांजांव म्हणजे हाच सण.’

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, आणि खोडायला अर्धसत्यच जास्त चिवट असतं. म्हणून एकेक घेऊ.

‘२१ जूनला’. नाही. ही सान हुआनची, म्हणजे संत योहानाची रात्र. ती २३ जूनची रात्र, आणि सण २४ जूनचा. तारीख सूर्यावरून थेट ठरलेली नाही, ती पंचांगातल्या हिशेबाची आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया हिला देवदूताचा निरोप येतो तेव्हा तिच्या नात्यातल्या एलिझाबेथला सहावा महिना असतो. म्हणजे एलिझाबेथचा मुलगा योहान, स्पॅनिशमध्ये हुआन, येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. नाताळ २५ डिसेंबरचा, मग हा सण २५ जूनला का नाही? रोमन लोक तारखा पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून उलट्या मोजत. २५ डिसेंबर हा १ जानेवारीआधीचा आठवा दिवस, दोन्ही टोकं धरून. जून ३० दिवसांचा, त्यामुळे १ जुलैआधीचा आठवा दिवस २४ जून येतो. हा सण उत्तरायणाच्या टोकाशी जोडलेला आहे हे खरंच, आणि स्पेनमध्येही लोक याला ‘वर्षातली सर्वांत लहान रात्र’ म्हणतात. तसं पाहिलं तर २१ आणि २४ जूनच्या दिवसमानात उत्तर स्पेनमध्येही अर्ध्या मिनिटाहून कमी फरक पडतो. उत्तरायण डिसेंबरात सुरू होऊनही आपण संक्रांत १४-१५ जानेवारीला करतो, तेव्हा यात फार नाक मुरडायला आपल्याला जागा नाही.

‘देशभर पुतळे जाळतात’. पुतळ्यांचे जे फोटो फिरतात ते बहुतेक अलिकांते शहराचे. तिथे त्या पुतळ्यांच्या रचनेलाच ‘ओगेरा’, म्हणजे होळी, म्हणतात. पण हा प्रकार पुरातन नाही. १९२८ साली होसे मारिया पी यांच्या पुढाकाराने, व्हॅलेन्सियाच्या मार्चमधल्या फायास उत्सवाच्या धर्तीवर तो सुरू झाला. पुतळे कोणा राक्षसिणीचे नसतात. मोहल्ल्यामोहल्ल्याची समिती कारागिरांकडून लाकडी सांगाडा, पुठ्ठा-कागद आणि हल्ली मुख्यतः थर्मोकोल वापरून कित्येक मीटर उंच व्यंग्यशिल्पं करून घेते. पुढारी, भाववाढ, पर्यटक, कोणीही सुटत नाही. लोकांच्या मतदानातून निवडलेल्या बाहुल्यांना मात्र ‘माफी’ मिळते, त्या जळत नाहीत.

शिवाय ही शिल्पं जळतात २४ जून संपताना, मध्यरात्री, सान हुआनच्या रात्री नव्हे. सांता बार्बारा किल्ल्यावरून पांढऱ्या आतषबाजीचं ताडाचं झाड आकाशात उमललं की पहिली पेटते. बाकीच्यांना बंबाची वाट पाहावी लागते. गल्ली अरुंद आणि बाल्कन्या जवळ, म्हणून जवान आधी आजूबाजूच्या भिंती, खिडक्या ओल्या करतात. थर्मोकोलचा धूर काळाकुट्ट असतो आणि आच अचानक वाढते. मग गर्दी ‘पाणी, पाणी’ ओरडते आणि जवान लोकांवरच पाइप धरतात. होळीशी साम्य शोधायचंच तर ते या भिजण्यात सापडेल.

बाकी देशात? मालागात जुने कपडे भुस्सा-कागदाने भरून ‘हुआ’ नावाच्या बाहुल्या जाळतात. वायव्येकडच्या गॅलिसियात नुसता लाकडांचा ढीग. मेनोर्का बेटावरच्या सिउतादेयात शेकोटीपेक्षा घोडे महत्त्वाचे: काळे घोडे गर्दीत मागच्या पायांवर उभे करतात. पिरेनीज पर्वतात मशाली घेऊन डोंगर उतरतात, आणि ती परंपरा युनेस्कोने २०१५ मध्ये स्पेन, फ्रान्स व अँडोरा या तिघांच्या नावे नोंदवली. ‘देशभर एकच’ असं यात काही नाही.

‘भडकत्या ज्वाळांवरून सात उड्या’. आकडा गावागणिक बदलतो. कुठे तीन, कुठे सात, कुठे नऊ, साधारणपणे विषम. ज्वाळांचं मात्र साफ चूक. उडी मारायची ती जाळ बसल्यावर. मोठ्या ढिगाच्या कडेला गुडघ्याखालच्या उंचीची वेगळी शेकोटी ठेवणं सर्वांत बरं. भाजण्याची कारणं ठरलेली आहेत. दोघं समोरासमोरून एकाच वेळी उडी मारतात आणि मधोमध आदळतात. पॉलिएस्टरचा सैल कपडा पेट घेतो आणि वितळून कातडीला चिकटतो. कोरड्या वाळूत धाव घेताना पाय रुततो आणि उडी अपुरी पडते. आणि सर्वांत वाईट म्हणजे विझत आलेल्या शेकोटीवर कोणीतरी पेट्रोल ओततो. तिथे आधी वाफ पेटते, ती थेट कॅनपर्यंत येते. रंगवलेलं फर्निचर किंवा खिळे असलेल्या फळ्याही ढिगात नकोत. धूर विषारी होतो आणि खिळे वाळूत राहतात.

गंमत म्हणजे मजकुरात नसलेला धोकाच मोठा आहे. गॅलिसियातल्या आ कोरुन्या शहराच्या रियासोर आणि ओर्सान किनाऱ्यांवर त्या रात्री असंख्य शेकोट्या लागतात. पहाटे घरी निघताना लोक निखाऱ्यांवर वाळू लोटतात. वरून सगळं शांत दिसतं, पण वाळू उष्णता आत कोंडून धरते आणि निखारे तासन्‌तास धुमसतात. सकाळी अनवाणी येणारं पोर नेमकं तिथे पाय ठेवतं. आगीतून फुफाट्यात ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. बादलीभर पाणी, काठीने उकरणं, पुन्हा पाणी आणि हात जवळ नेऊन खात्री, एवढं केलं की भागतं.

याच निखाऱ्यांवर तारल्या भाजतात. गॅलिसियात म्हण आहे की सान हुआनला तारली पाव भिजवते. उन्हाळ्यात ती चरबीने भरू लागते, म्हणून. न साफ करता, अख्खी, वरून खडे मीठ, आणि दोन्ही बाजूंना थोडा वेळच. जाळ असताना जाळी ठेवली की टपकणारी चरबी पेटते, कातडी करपते आणि आतलं मांस कच्चं राहतं. मक्याच्या पावावर ठेवून हातानेच खातात.

‘निखाऱ्यांवर श्रद्धेमुळे पाय भाजत नाहीत’. हे एका गावाचं आहे: सोरिया प्रांतातलं सान पेद्रो मान्रिके, वस्ती काही शेकड्यांची. सुमारे दोन टन ओकचं लाकूड संध्याकाळी पेटवतात. मध्यरात्रीपर्यंत त्याचे निखारे होतात, ते लांब दांड्यांनी पसरून सपाट करतात. गावकरी त्यावरून चालतात, पुष्कळदा पाठीवर कोणाला तरी घेऊन. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पृष्ठभागाचं तापमान ६७७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं. त्याच अभ्यासात चालणाऱ्याच्या हृदयाच्या ठोक्यांची लय आणि पाहणाऱ्या आप्तांची लय जुळत गेली, परक्या प्रेक्षकांची नाही. श्रद्धा, नातं यांचा परिणाम बघायचा तर तो इथे आहे. तळपायाचं गणित वेगळं.

कोळसा आणि त्यावरची राख उष्णता फार सावकाश पोहोचवतात. प्रत्येक पाऊल जेमतेम क्षणभर टेकतं. तेवढ्यात कातडीत भाजण्याइतकी उष्णता उतरत नाही. म्हणूनच निखाऱ्यांतून दगड आणि धातूचे तुकडे काढणं हे मुख्य काम. तितकाच तापलेला खिळा पाय जाळतो. चालायचं ते संपूर्ण तळवा सपाट, ठाम टेकवत, न रेंगाळता आणि न धावता. धावणाऱ्याची बोटं निखाऱ्यात घुसतात, एखादा कोळसा बोटांच्या बेचक्यात अडकतो आणि फोड येतो. फक्त गावच्यांनाच जमतं असं गावकरी म्हणतात, पण गावचे लोक हे चालणं लहानपणापासून पाहत आलेले असतात. गोव्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडातून जाणाऱ्या धोंडांना, म्हणजे भक्तांना, हे वेगळं सांगायला नको. श्रद्धा पाऊल टाकायचं धैर्य देते. पण लोखंडावर तसंच पाऊल टाकून पाहू नये.

‘पाणी प्या’. बिलकूल नाही. बडीशेपेचा पाला, रोझमेरी, नेचा, व्हर्बिना, सेंट जॉन्स वर्ट अशा वनस्पती २३ च्या संध्याकाळी पाण्यात घालून रात्रभर उघड्यावर, दवात ठेवतात आणि २४ ला सकाळी त्या पाण्याने तोंड धुतात. धुतात, पीत नाहीत. सेंट जॉन्स वर्ट पोटात गेलं तर रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी करू शकतं.

राहिला सांजांव. संत तोच, तारीख तीच, पण गोव्यात तो पोर्तुगिजांबरोबर आला, स्पेनमधून नाही. ऐन पावसाळ्यात शेकोटी पेटणार तरी कशी? विहिरी तुडुंब भरलेल्या असतात, डोक्यावर फुलापानांचं कोपेल चढतं आणि पोरं धडाधड उड्या घेतात. आईच्या पोटात योहानाने उडी मारली या लूकच्याच गोष्टीची ती आठवण. शिवोलीत सजवलेल्या होड्या निघतात, आणि नव्या जावयाला सासरी मान असतो.