साडेनऊ अंशांनी सरळ

डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. चिमुकली गाडी आणि तिच्यामागे सापासारख्या वळवळत्या दोन रेघा. पिऊन गाडी चालवणाऱ्याचं पंचनाम्यात काढावं तसं चित्र. मी तर सकाळचा चहासुद्धा घेतलेला नव्हता.

शेजारच्या काकांनी लगेच निदान केलं. "ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल! गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. 1997 साली स्वीडनमध्ये मूस नावाचं थोराड हरीण आडवं आलंय असं समजून झपकन वळवायच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने ते सगळ्या ए-क्लासना बसवलं." सिंहगड रोडला मूस नसले तरी रिक्षा आहेत, तेव्हा ते चालू असलेलं बरं.

सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर मागवला. तो लावायचं सॉकेट डॅशबोर्डच्या खाली, पेडलांच्या वर. म्हणजे डोकं क्लचपाशी, पाय दाराबाहेर, टॉर्च लावलेला मोबाइल दातांत आणि चष्मा भुवईवर. सोळा पिनांचं ते सॉकेट एका बाजूने रुंद असतं, हे तीनदा उलटं दाबल्यावर कळलं. वॉचमनने माझ्या पायांना विचारलं, "साहेब, पाणी आणू का?"

अखेर अ‍ॅप बोललं : एकही फॉल्ट नाही. समोर पिवळा दिवा, हातात हिरवी टिक! ते डबडं फक्त इंजिनाशी बोलतं, ब्रेक सांभाळणाऱ्या एबीएसच्या मॉड्यूलशी त्याची तोंडओळखही नाही. दाढ दुखते म्हणून मी रक्तदाब मोजून घेतला होता.

मग गॅरेज. नवा सेन्सर बसवावा लागणार म्हणून मनातल्या मनात एक एफडी मोडून झाली होती. मिस्त्रीने जाडजूड टॅब जोडला, लाइव्ह डेटा उघडला. "चाकं सरळ करा." केली. पडद्यावर स्टिअरिंग अँगल साडेनऊ अंश.

"चाकांचं अलाइनमेंट कधी केलंत?"

"गेल्या गुरुवारी."

"आणि तेव्हापासून स्टिअरिंग डावीकडे धरून चालवताय?"

चालवत होतो. मला वाटलं, रस्त्यालाच उतार आहे.

स्टिअरिंगचा सेन्सर ठणठणीत होता. तो इमानाने सांगत होता, साहेब डावीकडे वळताहेत. गाडी प्रत्यक्षात किती वळतेय हे मोजणारा कन्सोलखालचा यॉ सेन्सर म्हणत होता, छे, गाडी नाकासमोर चाललीये. कॉम्प्युटरने कोणाचं ऐकायचं? दिवा लावून तो मोकळा झाला.

मिस्त्रीने स्टिअरिंग आणि चाकं जोडणारे टायरॉड फिरवून स्टिअरिंग मध्यावर आणलं, टॅबवर झीरो कॅलिब्रेशन दाबलं. दिवा गेला. पाचशे रुपये.

गेटबाहेर पडलो. आठवड्याच्या सवयीने हात आपसूक साडेनऊ अंश डावीकडे. गाडी आज्ञाधारकपणे पानटपरीकडे निघाली. टपरीवाल्याने गुलकंदाची बरणी छातीशी धरली. मी करकचून ब्रेक दाबला आणि आधी डॅशबोर्डकडे पाहिलं.

दिवा काही लागला नव्हता.