मिशनरी आठवले, नगरकर राहिले

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) मराठी ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण १८३१ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांवरच त्याचा सगळा भर आहे, ते खटकलं. मिशन त्यांचं हे मान्य. पण १८५४मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची (चर्चच्या धर्मगुरूपदाची) दीक्षा मिळाली, म्हणजे मंडळीची धुरा इथल्या माणसांकडे आली. त्यांचा साधा उल्लेखही नाही? १८४२मध्ये इथेच सुरू झालेलं 'ज्ञानोदय' हे मिशनचं नियतकालिकही एका ओळीत उरकलंय. मिशनरी सिंथिया फरारबाईंची मुलींची शाळा तरी घ्यायची! ती पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले होते.

आणि कवी ना. वा. टिळक! १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले आणि उपासनेचा सूरच पालटला. विलायती चालींवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांच्या जोडीला अभंग-ओव्यांच्या वळणाची भजनं आली. पेटी-तबला आणि टाळांच्या साथीने ती भजनं आजही म्हटली जातात, आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ. माझ्या मते मंडळी खरी मराठी झाली ती तिथे. १९७०मध्ये अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन झालेल्या 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'मधल्या विलीनीकरणाला दिलेल्या दोन परिच्छेदांतला एक टिळकांना द्यायला हवा होता.