जाहिरात, युद्धज्वर आणि मीठ: रोबोट अ‍ॅनिमेवरच्या आरोपांना उत्तर

अ‍ॅनिमेचा, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका-चित्रपटांचा, विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. शब्द इकडे-तिकडे, पण सार तेच. महाकाय रोबोटांच्या जपानी मालिका म्हणजे खेळणी खपवायला काढलेल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या जाहिराती. त्यांत युद्धाचं कौतुक ठासून भरलेलं. एक पाहिली की सगळ्या पाहिल्या. लष्कराच्या नावाने तर नुसता पोरखेळ. आणि एवढं करून बघायच्याच असतील तर १९७९च्या ‘गंडम’पासून सगळं ओळीने बघावं लागतं, तेव्हा नादी लागू नका. मजकूर सुटसुटीत आहे, म्हणून फिरतो. त्यातला पहिला आरोप अर्धा खरा आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

‘मोबाइल सूट गंडम’ ७ एप्रिल १९७९ला नागोयाच्या वाहिनीवर सुरू झाली तेव्हा तिच्यामागे क्लोव्हर नावाच्या खेळणी कंपनीचा पैसा होता. यात लपवण्यासारखं काही नाही. पण दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी त्या पैशातून काय केलं? घरदार सुटलेल्या, जेमतेम प्रशिक्षण मिळालेल्या, एकमेकांवर खेकसणाऱ्या पोरांची गोष्ट. नायक आमुरो पंधरा वर्षांचा. ‘गंडम’ नावाचं महाकाय लढाऊ यंत्र तो आत बसून चालवतो. मध्येच तो हटून बसतो, यंत्रात चढायला नकार देतो आणि अंतराळजहाजाच्या कप्तानाच्या हातची थप्पड खातो. तो कप्तानही धड वीस वर्षांचा नाही. खेळण्यांच्या दुकानाला हा माल कसा रुचावा? खेळणी उठेनात. मग प्रायोजकाच्या आग्रहाखातर ‘जी-आर्मर’ नावाचं एक जोडवाहन कथेत घुसवलं गेलं. त्यानेही भागलं नाही, आणि ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ भागांत गुंडाळावी लागली.

बांदाईचे प्लास्टिकचे जोडणी-संच आले ते मालिका संपल्यावर, जुलै १९८०मध्ये. पहिल्या संचाची किंमत ३०० येन. ते हातोहात खपले, कारण तोवर पुनःप्रक्षेपणात लोकांनी गोष्ट उचलून धरली होती. क्लोव्हरचं १९८३मध्ये दिवाळं निघालं. आणि १९८१-८२मध्ये याच मालिकेचे तीन चित्रपट झाले, तेव्हा ते जी-आर्मर सरळ काढून टाकून त्याजागी साधं लढाऊ विमान बसवलं गेलं. जाहिरात म्हणायची तर ही जाहिरात फसली आणि गोष्ट उरली. आज चित्र वेगळं आहे, हे मान्य. नव्या ‘गंडम’मध्ये काही यंत्रं केवळ खोक्यावर देखणी दिसावीत म्हणून येतात, हे न कळायला आपण काही दूधखुळे नाही. पण कुणाच्या खिशातून पैसा आला एवढ्यावरून गोष्टीची किंमत करायची झाली, तर दूरचित्रवाणीवरचं काहीच उरणार नाही.

दुसरा आरोप जास्त गंभीर: युद्धाचं कौतुक. इथे मी लोकांना एकच गोष्ट बघायला सांगतो, १९८९ची ‘गंडम ००८०: वॉर इन द पॉकेट’. फक्त सहा भाग. तटस्थ वसाहतीत राहणारा अल नावाचा शाळकरी मुलगा आहे. युद्ध म्हणजे त्याला मज्जा वाटते; सैनिकी बिल्ले जमवावेत, वर्गात फुशारकी मारावी. एक दिवस आकाशात खरीखुरी लढाई होते आणि हा आनंदाने तिच्या मागे धावत सुटतो. मग त्याची बर्नी नावाच्या शत्रुपक्षाच्या एका नवशिक्या सैनिकाशी गट्टी जमते. शेजारी राहणारी ताई, क्रिस, नेमकी कशाची पायलट आहे हे त्या दोघांपैकी कुणालाच माहीत नसतं. पुढचं सांगत नाही. शेवटच्या प्रसंगाचं मात्र बोलायला हवं, कारण आरोपाला उत्तर तिथेच आहे. शाळेच्या मैदानात मुलं रांगेत उभी आहेत, मुख्याध्यापक युद्धाबद्दल बोलताहेत आणि अलला रडू आवरत नाही. मित्रांना वाटतं, युद्ध संपलं म्हणून याला वाईट वाटतंय. ते त्याची समजूत काढतात: रडू नको रे, लवकरच दुसरं युद्ध होईल, याहून मोठं, याहून भारी. ज्याला हे युद्धाचं कौतुक वाटतं त्याच्यापुढे हात टेकले.

मूळ मालिकेच्या तेराव्या भागात आमुरो आईला भेटायला जातो तो प्रसंगही असाच. शत्रूचे सैनिक शोध घेत निर्वासितांच्या छावणीत येतात, पांघरुणाखाली दडलेला आमुरो एकावर गोळी झाडतो. आई त्याचे आभार मानत नाही. आपला मुलगा माणसावर गोळी झाडू शकतो, याचाच तिला धक्का बसतो. एकोणऐंशी साली मुलांच्या वेळेत हे दाखवलं जात होतं.

तरीही या मुद्द्यात एक गाठ आहे, ती सोडवल्यासारखं करण्यात अर्थ नाही. युद्ध वाईट असं सांगणारी मालिका यंत्र मात्र खालच्या कोनातून, सूर्यप्रकाशात चमकतं, असं देखणं रंगवते. पात्रं रडतात आणि बघणारा पोरगा तोफेच्या प्रेमात पडतो. हा विरोधाभास ‘गंडम’ला आजवर पूर्णपणे सुटलेला नाही, ‘कोड गिअस’ या दुसऱ्या रोबोट मालिकेला तर तो सोडवायचाही नाही. आणि कौतुक करणाऱ्या मालिका अजिबात नाहीत असंही नाही: २०१५ची ‘गेट’ घ्या. जपानी लष्कर दुसऱ्या जगात शिरतं आणि भाले-तलवारीवाल्यांना मशिनगनने झोपवतं. पुढे तिची पात्रं जपानच्या सैन्यभरतीच्या पोस्टरांवरही झळकली. गंमत अशी की ‘गेट’मध्ये महाकाय रोबोट नाही. आरोपाचा नेम चुकलाय तो इथे.

‘एक पाहिली की सगळ्या पाहिल्या’ हे म्हणणाऱ्याने बहुधा एकही पुरती पाहिलेली नसते. आपल्याकडे या समजाला थोडं कारणही आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जॉनी सोको लागायचा (ते अ‍ॅनिमे नव्हतं, माणसं घेऊन केलेली मालिका होती). पोरगं घड्याळात बोलणार आणि रोबोट उडत येऊन राक्षसाला बडवणार. मनात तीच प्रतिमा बसली. पण जपानमध्ये १९७२लाच गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने चालवणाऱ्याला यंत्राच्या आत, थेट डोक्यात नेऊन बसवलं होतं. फरक साधा नाही. दुरून हुकूम सोडणाऱ्याला खरचटत नाही; आत बसलेल्याला यंत्राला बसणारा प्रत्येक दणका बसतो. पुढच्या चांगल्या मालिका याच एका प्रश्नाभोवती फिरतात: आत कोण बसलंय, आणि त्याला तिथे कुणी बसवलं?

उत्तरं किती वेगळी असू शकतात ते बघा. १९८३ची ‘आर्मर्ड ट्रूपर व्होटम्स’, दिग्दर्शक र्‍योसुके ताकाहाशी. गंडम १८ मीटर उंच. व्होटम्समधला स्कोपडॉग जेमतेम चार मीटरचा. त्याला नाव नाही, मान नाही. कारखान्यातून हजारोंनी निघालेला माल, बिघडला की फेकायचा आणि शेजारच्या भंगारातल्या दुसऱ्यात बसायचं. चेहऱ्याच्या जागी तीन भिंगांची फिरती चकती. चालक ती खटकन फिरवून हवं ते भिंग डोळ्यासमोर आणतो. ठोसा मारला की हातातून काडतुसाची रिकामी पुंगळी उडते. पायाखाली चाकं, त्यामुळे तो पळत नाही, घसरत जातो. आणि त्याच्या स्नायूंत जे द्रव खेळतं ते ज्वालाग्राही, म्हणजे नीट गोळी लागली की आतल्यासकट भडका. नायक चिरिको शंभर वर्षं चाललेल्या युद्धाच्या शेवटाला सैन्यातून पळालेला, कमी बोलणारा माणूस आहे. तो यंत्रावर प्रेम करत नाही, यंत्र त्याच्यावर करत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला ‘पॅटलेबर’. बांधकामावर वापरायचे रोबोट गुन्हेगारांच्या हाती पडू लागले म्हणून टोकियो पोलिसांनी रोबोटांचं एक पथक काढलंय, आणि ते भराव घातलेल्या जमिनीवर, शहरापासून लांब नेऊन टाकलंय. जेवण मागवायचं तर एकच चायनीज हॉटेल. हिरोमी नावाचा धिप्पाड हवालदार पथकाच्या आवारात टोमॅटो लावतो आणि कोंबड्या पाळतो. नोआ इझुमीने आपल्या रोबोटचं नाव अल्फॉन्स ठेवलंय आणि त्याला ओरखडा पडला की ती हळहळते. अर्धा वेळ कामाची वाट पाहण्यात, उरलेला वरिष्ठांना उत्तरं देण्यात. सरकारी खात्यात नोकरी केलेल्या माणसाला कॅप्टन गोतो पहिल्याच भागात ओळखीचा वाटेल. ‘मॅक्रॉस’मध्ये युद्धाचा निकाल गाण्याने लागतो, ‘इव्हँगेलियन’मध्ये यंत्राची वायर निघाली की पाच मिनिटांत बॅटरी संपते. सगळ्या सारख्या म्हणे!

आता पोरखेळाचा मुद्दा. दोन पायांचं अठरा मीटरचं यंत्र कुठलाही शहाणा सेनापती घेणार नाही, यावर माझा वाद नाही. ते आयतं लक्ष्य आहे. ‘गंडम’ने त्यासाठी रडार निकामी करणारे मिनोव्स्की कण कल्पिले, म्हणजे जवळून भिडणं भाग पडेल; ती पळवाटच आहे, पण निदान विचार करून काढलेली. मात्र सैन्य म्हणजे काही फक्त हत्यार नव्हे. मूळ मालिकेच्या सोळाव्या भागात जहाजाचा स्वयंपाकी कप्तानाकडे तक्रार घेऊन येतो: मीठ संपत आलंय. वाळवंटात मीठ नाही म्हणजे घामाने माणसं कोसळणार. मग शत्रू मागावर असताना एवढं मोठं लढाऊ जहाज मिठाचं तळं शोधायला वळतं. ज्यांना ही मालिका पोरखेळ वाटते त्यांनी एखाद्या गंभीर युद्धपटात मिठाचा प्रश्न कधी निघाला होता ते आठवून सांगावं.

पानिपत ठाऊक असलेल्या वाचकाला रसदेचं महत्त्व वेगळं सांगायला नको, म्हणून इथे एक रोबोट नसलेली मालिकाही सुचवतो. ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’, १९८८ ते १९९७, ११० भाग. त्यात अंतराळात लढणाऱ्या दोन सत्तांपैकी लोकशाही सत्तेचे पुढारी निवडणुकीवर डोळा ठेवून शत्रूवर मोठी स्वारी काढतात. शत्रू लढतच नाही. मागे सरतो आणि जाताना अन्नाचा कण ठेवत नाही. ‘मुक्त’ केलेल्या कोट्यवधी लोकांना पोसायची जबाबदारी स्वारी करणाऱ्यांवर येते, पुरवठ्याची ओळ ताणली जाते, तुटते, आणि मग जो तडाखा बसतो तो बसतो. या निर्णायक लढाईच्या ताऱ्याचं नाव, विश्वास ठेवा, अमृतसर आहे.

आणि मामोरू ओशी यांचा १९९३चा ‘पॅटलेबर २’ हा चित्रपट. जपानने आदल्याच वर्षी कंबोडियात शांतिसेनेसाठी माणसं पाठवली होती. चित्रपट उघडतो तो आग्नेय आशियातल्या जंगलात. शांतिसेनेची तुकडी अडकलीय, तिचा अधिकारी त्सुगे गोळीबाराची परवानगी मागतोय, परवानगी मिळत नाही, तुकडी गारद होते. पुढे टोकियोच्या रस्त्यांवर बर्फ पडत असतं आणि चौकाचौकांत रणगाडे उभे असतात. रोबोट एकूण चित्रपटात जेमतेम दिसतात. संथ आहे, बोलका आहे. थकून आल्यावर लावू नका.

राहिला ‘सगळं ओळीने बघा’ हा धाक. ‘गंडम’च्या अनेक मालिका एकमेकींशी कथेने जोडलेल्याच नाहीत, जग वेगळं, कालगणना वेगळी. २०१५ची ‘आयर्न-ब्लडेड ऑर्फन्स’ (बालसैनिकांची गोष्ट, ५० भाग) किंवा २०२२ची ‘द विच फ्रॉम मर्क्युरी’ थेट लावली तर काहीही अडत नाही. दुसरीची नायिका सुलेत्ता. या मालिकेचा पूर्वभाग आधी बघा, तो वगळला तर पुढचे टोमणे कळणार नाहीत. मूळची गोष्ट हवीच असेल तर ४३ भागांऐवजी ते तीन चित्रपट पुरे. पण मिठाचा भाग बघायचा तर मालिकेकडेच वळावं लागेल. ‘००८०’ला आधीचं काही लागत नाही. ‘०८वी एमएस टीम’ बारा भागांची, आग्नेय आशियाच्या जंगलातली पायदळाची गोष्ट. प्रेमकथा जरा ओढूनताणून आणलीय, लढाया पहिल्या दर्जाच्या.

आणि ज्यांना जुन्या चित्रांची अडचण वाटते त्यांनी ‘एटी-सिक्स’ घ्यावी, २०२१ची, तेवीस भाग. एक प्रजासत्ताक अभिमानाने जाहीर करतं की आमच्या युद्धात कुणी मरत नाही, आमची यंत्रं मानवरहित आहेत. यंत्रांत पोरं बसलेली असतात. ती ज्या वंशाची आहेत त्यांना कागदोपत्री माणूस म्हणणंच सरकारने बंद केलंय, म्हणून मृतांचा आकडा शून्य. राजधानीत बसून त्यांना रेडिओवर आदेश देणारी लेना सहृदय आहे, त्यांच्याशी रोज आपुलकीने बोलते, आपण वेगळ्या आहोत असं तिला वाटतं. सुरुवातीच्याच एका भागात एक पोरगा तिच्यावर भडकतो: तू अजून आमची नावंसुद्धा विचारली नाहीस. तिसऱ्या भागापर्यंत बघा. नाही आवडली तर बंद करा, आणि व्होटम्सकडे वळा; तिचे पहिले तेरा भाग, उदो शहराचे, तेवढेही स्वतंत्रपणे बघता येतात. शेवटी-शेवटी ती मालिका देव आणि नियतीच्या भानगडीत शिरते, तिथे माझंही लक्ष उडतं.