आधी लाइट, मग लेकरू

घरात मूल आहे आणि त्याचं धड एकही पोर्ट्रेट नाही, तर दोष मुलाचा नाही आणि तुमचा तर मुळीच नाही. दोष उजेडाचा आहे, हे एकदा मनाशी पक्कं करून टाका. मोबाइलमध्ये हजारो फोटो पडून आहेत हे खरं, पण ते नुसते फोटो. पोर्ट्रेट म्हटलं की स्टँड लागतो, उजेड पसरवणारी छत्री लागते, सॉफ्टबॉक्स, म्हणजे आत बल्ब आणि पुढे पांढरं कापड असलेला काळ्या कापडाचा पेटारा लागतो आणि हे सगळं मावेल एवढा हॉल लागतो. शेवटची वस्तू सोडली तर बाकी सगळं घरपोच मिळतं.

खरेदी नेहमी रात्री अकरानंतर करावी. मूल झोपलेलं असतं, ‘हे कशाला?’ असं विचारणारं माणूसही झोपलेलं असतं, आणि व्हिडिओतला दाढीवाला गृहस्थ आपल्याला विश्वासात घेऊन सांगत असतो की घरगुती स्टुडिओ आता कुणालाही परवडतो. हे सांगताना त्याच्या स्वतःच्या तोंडावर पडलेला उजेड कुठल्या लाइटचा आणि तो लाइट केवढ्याचा, हे विचारू नका. मुंबईत कॅमेऱ्यांच्या बोरा बाजारात किंवा पुण्यात विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत प्रत्यक्ष जाणं तर कटाक्षाने टाळा. तिथे एखादा जुना दुकानदार भेटला तर तो आधी ‘कशासाठी पाहिजे?’ असं विचारतो, आणि आपण ‘मुलाचे फोटो’ म्हटलं की एखादी साधी वस्तू हातात देऊन वाटेला लावतो. अशाने छंद वाढीला लागत नाही.

पहिला मान रिंगलाइटचा, म्हणजे कड्यासारख्या गोल दिव्याचा. दहा इंची घ्या, मध्ये मोबाइल अडकवायची सोय, सोबत रिमोट. हा नाकासमोर ठेवला की चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात, म्हणजेच नाक, गालाची खळी, हनुवटी असले किरकोळ तपशीलही जातात. शिवाय दोन्ही बुबुळांत एकेक पांढरी बांगडी उमटते. डोळ्यांतली चमक छायाचित्रकारांना फार प्रिय असते, कारण तिच्यावाचून डोळे निर्जीव दिसतात. बांगडीचा जादा फायदा असा, की लाइट कुठला घेतलाय हे पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

मग सॉफ्टबॉक्सची जोडी. ५० बाय ७० सेंटिमीटर, दोन स्टँड, एक पिशवी. बल्ब सोबत येत नाहीत तो संच स्वस्त असतो, म्हणून आपण तोच मागवलेला असतो. खोकं उघडल्यावर दिसतं की होल्डर आट्यांचा, ई-२७, आणि घरातले बल्ब बहुतेक पिनांचे. हरकत नाही, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे आट्यांचा नऊ वॅटचा एलईडी मिळतो. तो आत बसवला आणि पुढे पांढरं कापड लावलं, की बाहेर येणाऱ्या उजेडापेक्षा देवघरातली समई बरी वाटते. मग कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२००वर न्यावा लागतो आणि गालांवर रवा सांडल्यागत दाणे दिसू लागतात. त्याला ‘फिल्म लुक’ म्हणा. म्हणणाऱ्याला कोण अडवतंय?

आता मांडणी. उजेडाचा जुना नियम आहे: लाइट दुप्पट लांब गेला की उजेड निम्मा नाही, पाव उरतो. दुसरा नियम असा, की लाइट माणसाच्या मानाने जितका मोठा आणि त्याच्या जितका जवळ, तितक्या सावल्या मऊ. सूर्य केवढा थोरला, पण पंधरा कोटी किलोमीटरवर बसलेला, म्हणून भर दुपारी तो डोळ्यांच्या जागी दोन खड्डे पाडतो. या दोन्हींचा हिशेब केला तर सॉफ्टबॉक्स मुलापासून दोन-तीन फुटांवर, फोटोच्या चौकटीच्या जरासा बाहेर आणि डोक्याहून थोडा वर हवा. तुम्ही तो दहा फुटांवर, दिवाणाच्या पलीकडे, चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवा, कारण जागा तिथेच आहे. एवढ्या अंतरावरून सॉफ्टबॉक्स काय आणि उघडा बल्ब काय, मुलाच्या दृष्टीने सारखेच. पण हॉलमध्ये तो शोभून दिसतो.

मुलाला मागच्या पडद्याला अगदी चिकटवून बसवा, म्हणजे त्याची सावली कानांसकट मागे उमटेल. चार-पाच फूट पुढे बसवलं तर सावली जमिनीवर पडून जाते आणि पडद्याच्या सुरकुत्याही धूसर होतात. मग ती पलंगावरचीच चादर आहे हे लोकांना कळायचं कसं?

घरातले बाकीचे दिवे सुरूच असू द्या. सीलिंगच्या खोबणीतल्या पिवळ्या पट्ट्या २७०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), ट्यूबलाइट ६५००ची आणि सॉफ्टबॉक्स या दोघांच्या मध्ये कुठेतरी. यातून एक गाल पिवळा येतो, दुसरा निळसर, आणि भिंत पिस्ता रंगाची असली तर हनुवटीखाली पिस्ता. रंग आपोआप सावरणारा कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स कुणाचीच बाजू घेत नाही. यावर बाकीची बटणं बंद करणं हा उपाय आहे, पण त्याला पैसे पडत नाहीत, त्यामुळे खरेदीच्या कुठल्याच यादीत तो सापडत नाही.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत राहतो. आपल्या डोळ्यांना हे कळत नाही, मोबाइलला कळतं, आणि शटर सेकंदाच्या १/१०००वर नेलं की तो फोटोवर आडव्या पट्ट्या मारून ते आपल्याला कळवतो. १/१०० ठेवलं की पट्ट्या जातात. तोवर मूलही उठून गेलेलं असतं.

फ्लॅशच्या नादी मात्र लागू नका. कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश पांढऱ्या छताकडे तोंड करून मारला, तर अख्खं छतच सॉफ्टबॉक्स होतं, आणि त्याचा लखलखाट इतका क्षणिक असतो की उडी मारणारं मूलही हवेत स्पष्ट सापडतं. एवढ्यात काम भागलं तर स्टँडांचं काय करायचं? सुदैवाने आपण छताला सागवानी रंगाचं सीलिंग करून घेतलेलं असतं, त्यामुळे वरून परतणारा उजेडही सागवानीच येतो आणि हा मोह टळतो.

हात बसला की रेम्ब्रांट लाइटिंग करून बघा. सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या नावाची ही पद्धत: लाइट एका बाजूला, जरा उंचावर, असा की अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडावा. तासाभराच्या खटपटीनंतर तो पडतो. फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. पाच मिनिटांत मावशीचा निरोप येईल: ‘बाळाच्या गालाला काय झालंय रे? डॉक्टरांना दाखवलंस का?’

एव्हाना मुलाला बोलवायला हरकत नाही. ही वेळ त्याच्या झोपेची किंवा जेवणाची असेल याची काळजी घ्या. ताजंतवानं मूल दहा मिनिटं आपल्या नादात खेळतं आणि त्यात दोन-चार बरे फोटो निघूनही जातात, मग लाइट हलवून बघायला वेळ मिळत नाही. ते रडायला लागलं की हातात मोबाइल द्या. आता ते मान खाली घालून स्तब्ध बसेल आणि त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यात ठळक उजेड खालून, मोबाइलच्या पडद्याचा पडेल. हा लाइट तुमच्या संचात नव्हता, पण मुलाने निवडलेला एकमेव लाइट तोच.

खरी परीक्षा बोरन्हाणाची. संक्रांत ते रथसप्तमीतली एखादी संध्याकाळ, काळंकुट्ट झबलं, त्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने: मुकुट, हार, बाजूबंद, मुलगा असेल तर हातात हलव्याची बासरी. ज्या कुणी काळ्यावर पांढरं ही जोडी ठरवली, त्याच्याकडे कॅमेरा नसणार. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर जे दिसेल ते मध्यम राखाडी करायला निघालेला असतो. झबल्याकडे बघून तो उजेड वाढवतो, की हलवा जळून नुसते पांढरे ठिपके उरतात. हलव्याकडे बघून कमी करतो, की झबलं आणि मागचा सोफा एक होतात आणि मुलाचं डोकं मुकुटासह अधांतरी तरंगतं. जाणकार अशा वेळी चेहऱ्यावर मोजमाप घेतात, हलव्याचे दाणे वेगळे दिसतील इतका उजेड ठेवतात आणि झबलं काळंच राहू देतात, कारण झबल्याची वीण बघायला कुणी आलेलं नसतं. तुम्ही मात्र सॉफ्टबॉक्सच्या जागा बदलत राहा. तेवढ्यात डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतून होतील, जमलेली पोरं ती वेचायला तुटून पडतील, आणि तुमच्याकडे स्टँडच्या पायाचा एक अतिशय रेखीव फोटो येईल.

इथे थट्टा बाजूला ठेवतो. स्वस्तातले हे स्टँड वजनाला हलके आणि वर सॉफ्टबॉक्स लावला की डोईजड असतात, आणि पोरांचा घोळका वायर ओढायला दोन सेकंदही घेत नाही. मधल्या दांड्याला खाली पाच किलो पिठाची पिशवी लटकवा, वायर जमिनीला चिकटपट्टीने दाबून टाका, आणि रांगत्या बाळाच्या डोक्यावर येईल असा कुठलाच लाइट उभा करू नका. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांकडचा जुना हॅलोजन फुकट मिळाला तरी आणू नका, तो भाजतो. थट्टा पुन्हा सुरू.

या सगळ्यात घरातली आजी एकच वाक्य बोलते: ‘अरे, त्याला जरा खिडकीपाशी घे की, किती छान उजेड आहे तिथे.’ याकडे साफ दुर्लक्ष करा. ऊन थेट आत न येणारी खिडकी, तिला पांढरा पातळ पडदा, मूल तिच्यापासून दोन-तीन फुटांवर जरासं तिरकं, आणि अंधाऱ्या बाजूला उजेड परतवायला माळ्यावरचं, २०१८च्या बंदीआधीचं गणपतीचं थर्माकोलचं मखर पाठमोरं उभं केलेलं: एवढ्यात चेहऱ्याला गोलाई येते आणि डोळ्यांत चमकही. पण मग आजीचं खरं झालं, आणि ते आपल्या घरात आता कायमचं ऐकावं लागणार. खिडक्या डक्टमध्ये उघडतात किंवा फोटोला वेळच रात्री आठनंतर मिळतो, अशी घरं असतात हे मान्य. त्यांनी एक फ्लॅश आणि एक पांढरी छत्री घ्यावी आणि तिथेच थांबावं. थांबणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

वर्षभराने संच विकायला काढा. ‘फक्त दोनदा वापरला’ असं लिहावं, ते बहुधा खरंच असतं. जाहिरातीला फोटो लागतो. सॉफ्टबॉक्स पेटवून त्याचा फोटो काढला तर नुसता पांढरा चौकोन येतो, म्हणून तो विझवून खिडकीपाशी ओढत न्या आणि पडदा अर्धा सरकवा. शिवणी मोजता येतील इतका सुरेख फोटो येईल. घेणारा फोनवर विचारेल, ‘साहेब, हा फोटो याच लाइटमध्ये काढलाय ना?’ तुम्ही ‘हो’ म्हणा, आणि जमलं तर रिंगलाइटही त्याच्याच गळ्यात मारा.